फेवरिट हरतो तेव्हा घोडं कुठं पेंड खातं?

सोलापुरात रेसकोर्स नाही, पण रेसवर बोलणाऱ्यांची वानवा नाही. पुण्याचा पावसाळी मोसम सुरू झाला की चहाच्या टपरीवर हटकून विषय निघतो: ज्याच्यावर सगळ्यांनी डोळे झाकून भरवसा टाकला तो घोडा सातवा आलाच कसा? निकालही तिथंच लागतो. "बसवला बे घोडा, दुसरं काय!" म्हणजे मुद्दाम हरवला. शेजारचे अण्णा दुजोरा देतात, "जॉकीनं लगाम सोडलाच नाही, मी बघितलं की." मग मालक, ट्रेनर, बुकी यांची यथेच्छ धुलाई होते आणि चहा संपतो. त्या दिवशी घोड्यालाच काही होत असेल का, हे सहसा कुणी विचारत नाही.

खरं तर घोडा आपल्या जिल्ह्याला परका नाही. अकलूजला घोडेबाजार भरतो. आषाढीच्या वाटेवर सदाशिवनगरला माऊलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं, अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या वेळी तुम्ही जवळ उभे असाल तर अश्व थांबल्यावर त्याच्या नाकपुड्या बघा. आतला गुलाबी पडदा दिसेपर्यंत त्या फाकलेल्या असतात. रेसचा घोडा का हरतो याचं निम्मं उत्तर त्या नाकपुड्यांच्या मागं आहे.

हरला, पण कितीनं?

आधी एक हिशोब. रेसमध्ये अंतर 'लेंग्थ'मध्ये सांगतात. एक लेंग्थ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, साधारण २.४ मीटर. चांगला घोडा १६०० मीटरची शर्यत ९८ सेकंदांच्या आसपास पुरी करतो, म्हणजे सेकंदाला सोळा मीटरहून थोडं जास्त कापतो. तो पाच लेंग्थनं हरला तर बारा मीटर मागं राहिला. वेळेत मोजलं तर पाऊण सेकंद.

९८ सेकंदांतला पाऊण सेकंद म्हणजे एक टक्काही भरत नाही. पण त्या बारा मीटरमध्ये सहा घोडे सहज मावतात, म्हणून पेपरात 'सातवा' छापून येतं. टपरीवर ज्याला फ्लॉप म्हणतात तो घोडा बऱ्याचदा स्वतःच्या कुवतीच्या ९९ टक्के पळालेला असतो. तेव्हा काही तरी भयंकर घडलं असणार, असं समजून कारण शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. शोधायचं असतं ते एका टक्क्याचं कारण, आणि एक टक्का कुठंही गळतो.

दुसरी गोष्ट, फेवरिट म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागले तो घोडा. जगभरातल्या शर्यती बघितल्या तर फेवरिट ढोबळमानानं तीनातून एकदा जिंकतो. म्हणजे हरणं हाच त्याचा नेहमीचा क्रम. त्यात बऱ्याच शर्यती 'हँडिकॅप'च्या असतात: घोडा जितका सरस तितकं जास्त वजन त्याच्या पाठीवर. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरतात. सगळे घोडे एका रेषेत यावेत हाच त्यामागचा उद्देश. चांगल्या घोड्याला अडवण्यासाठीच बांधलेल्या शर्यतीत तो अडला, तर त्यात नवल कसलं?

घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही

आपण धावून दमलो की तोंड उघडतो. घोड्याला ती सोय नाही. त्याचा श्वास फक्त नाकातून चालतो. वर आणखी एक बंधन: भरधाव पळताना एका ढांगेला एकच श्वास. पुढचे पाय भार घेतात तेव्हा हवा बाहेर पडते, शरीर पुढं झेपावतं तेव्हा आत येते. या तालात मिनिटाला १३० ते १४० श्वास होतात आणि प्रत्येक श्वासाला बारा लिटरच्या पुढं हवा आत-बाहेर करते. दम लागला म्हणून दोन श्वास जादा घेऊ, असं त्याला करता येत नाही. ते हवे असतील तर चाल बदलावी लागते, म्हणजेच वेग सोडावा लागतो.

आता शहाळ्यातली कागदी नळी आठवा. हळूहळू ओढलं तर पाणी छान येतं. जोरात ओढलं, त्यात नळी थोडी मऊ पडलेली असेल, तर ती चपटी होते आणि येतं ते पाणीही थांबतं. घोड्याच्या घशात नेमकं हेच होतं. तबेल्यात उभा असताना, सकाळी रमतगमत फिरवताना हवा आरामात जाते. शर्यतीच्या शेवटच्या ४०० मीटरला तो जिवाच्या आकांतानं हवा ओढतो, आणि घशातला जो भाग मुळात ढिला असेल तो आत ओढला जाऊन वाट अडवतो.

यात दोन तऱ्हा नेहमीच्या. एकीत टाळूचा मागचा मऊ पडदा जागेवरून सटकून श्वासाच्या वाटेत येतो. घशातून गुरगुर ऐकू येते, घोडा काही ढांगांत एकदम थंडावतो, मग आवंढा गिळतो आणि पडदा जागेवर बसतो. शर्यत संपल्यावर तपासलं तर घसा अगदी व्यवस्थित! काही घोड्यांची जीभ पट्टीनं खालच्या जबड्याला बांधलेली दिसते, ती पुष्कळदा या भीतीपोटीच. बघायला क्रूर वाटतं, आणि त्याचा उपयोग किती होतो यावर जाणकारांतही वाद आहेत.

दुसऱ्या तऱ्हेत स्वरयंत्राची डावी बाजू लुळी पडते. तिकडं जाणारी नस मेंदूकडून निघून छातीत उतरते आणि तिथून वळसा घेऊन पुन्हा घशात चढते. एवढ्या लांबच्या नसेला इजा लवकर होते. असा घोडा पळताना श्वास घेताना घरघरतो आणि शस्त्रक्रियेशिवाय त्याचं फारसं काही करता येत नाही.

फुप्फुसातलं रक्त

"घोडा ब्लीड झाला" हे स्पष्टीकरण रेसच्या बातम्यांत वारंवार येतं आणि लोकांना ते बहाणा वाटतं. प्रत्यक्षात हे इतकं सर्रास घडतं की न घडलं तर विशेष. भरधाव पळताना हृदय इतक्या जोरानं रक्त ढकलतं की फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब विश्रांतीच्या वेळेपेक्षा चौपट वाढतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मायक्रॉनहूनही पातळ, तो जागोजागी फाटतो. शर्यतीनंतर अर्ध्या-दीड तासात नाकातून दुर्बीण घालून श्वासनलिका बघितली, तर बहुसंख्य घोड्यांत कधी ना कधी रक्ताचे माग दिसतात. नाकातून रक्त ठिबकताना दिसणारे घोडे त्या मानानं अगदी थोडे.

थोड्या रक्तानं वेगाला काही होत नाही. जास्त गेलं की होतं, आणि तेच आपल्या एका टक्क्याचं धनी ठरतं. यावर अमेरिकेत अनेक वर्षं शर्यतीच्या दिवशी फ्युरोसेमाइड नावाचं लघवी वाढवणारं औषध द्यायचे. त्यानं शरीरातलं पाणी घटतं, दाब उतरतो. ब्रिटन, हाँगकाँग, ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या दिवशी ते चालत नाही. मला विचाराल तर मनाईच बरी. औषधाशिवाय जो घोडा पळू शकत नाही त्याला पळवायचंच कशाला?

लंगडत नाही, तरी पाय दुखतो

घसा आणि रक्ताचीच चर्चा जास्त होते, पण जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते आधी पायांकडं बोट दाखवतात. भरधाव घोड्याच्या एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा धरला तर हजार किलोच्या वर. गुडघ्याखाली स्नायू नाहीतच, सगळा खेळ दोऱ्यांसारख्या ताणल्या जाणाऱ्या कंडरांचा.

लबाडी अशी की एक पाय दुखला तर घोडा लंगडतो आणि कुणालाही कळतं. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर तो लंगडणार कुठल्या पायानं? तो नुसती ढांग आखडती घेतो. भरधाव ढांग साधारण पावणेसात मीटरची, म्हणजे १६०० मीटरमध्ये जवळपास २४० ढांगा. प्रत्येक ढांग फक्त पाच सेंटिमीटर कमी पडली तर २४० ढांगांत बारा मीटर जातात. पुन्हा त्याच पाच लेंग्थ! पाच सेंटिमीटरचा फरक तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसणं अशक्य, रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराला मात्र कधी कधी हाताला लागतो: एका पायाची कंडरा दुसऱ्यापेक्षा किंचित गरम, बोटांना किंचित जाड. घोडेबाजारात बोली लावणाऱ्यांनीही आधी हाच हात फिरवावा. तिथं घोडा नाचवून दाखवतात आणि लोक त्या नाचावर भाळतात.

तोंडाचंही तसंच. अमेरिकेतल्या सेक्रेटेरिएट या घोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७३ च्या एप्रिलमध्ये वुड मेमोरियल शर्यतीत तो चक्क तिसरा आला आणि पंडितांनी त्याला मोडीत काढलं. त्याच्या वरच्या ओठाला आतून गळू झालं होतं. लगाम ओढला की दुखणार, दुखलं की घोडा मान वर करणार. गळू फुटलं, आणि दोन आठवड्यांनी त्यानं केंटकी डर्बी दोन मिनिटांच्या आत जिंकली. तो विक्रम आजही उभा आहे.

हृदय चुकतं आणि दुसऱ्या दिवशी सुधारतं

विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके, पळताना २२० च्या वर, अशी घोड्याच्या हृदयाची धाव. एवढ्या मोठ्या हृदयात कधी कधी वरच्या कप्प्यांचा ताल बिघडतो आणि ते नुसते थरथरतात. उभ्या घोड्याला याचा त्रास जाणवत नाही. शर्यतीच्या मध्यात झालं तर मात्र पुढं चाललेला घोडा पायात दगड बांधल्यासारखा मागं येतो. बघणाऱ्यांना वाटतं, जॉकीनं ओढला.

आणि मजा म्हणजे बऱ्याच घोड्यांत एक-दोन दिवसांत ताल आपोआप जागेवर येतो. डॉक्टरनं शर्यत संपल्या संपल्या छातीला नळी लावली तरच चोर सापडतो. मंगळवारी तपासणी केली तर 'घोडा ठणठणीत' असा दाखला मिळतो, आणि टपरीवरची शंका पक्की होते.

पोटाचं थोडक्यात. घोडा दिवसभर चरण्यासाठी घडलेला प्राणी, म्हणून त्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरतं. रेसच्या तबेल्यात त्याला ठरावीक वेळी चंदी मिळते आणि मधले तास जठर रिकामं. वर भरधाव पळताना पोट आवळलं जाऊन आम्ल वर उसळतं. रेसच्या निम्म्याहून अधिक घोड्यांत अल्सर सापडतात. असा घोडा चंदी उष्टी टाकतो, चिडचिडा होतो आणि ऐन जोराच्या वेळी हात आखडता घेतो. काही घोड्यांचे मांडीचे स्नायू श्रमानं लाकडासारखे ताठरतात, ते मात्र न बोलता दिसतं.

सकाळी बरा होता, दुपारी काय झालं?

आजार नसतानाही शर्यतीचा दिवस घोड्याला खातो. प्रवासापासूनच सुरुवात. पुणे आणि हैदराबाद, दोन्हीकडं रेसकोर्स आणि सोलापूर मधल्या वाटेवर; एकीकडून दुसरीकडं रस्त्यानं घोडा न्यायचा तर साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास. गाडीत घोड्याचं डोकं उंच बांधलेलं असतं. त्याला मान खाली घालता आली नाही तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, तिथून छातीचा संसर्ग होऊ शकतो. शिवाय गाडीत तोल सांभाळायला तो सतत पायांनी जोर लावत असतो आणि पाणी कमी पितो. म्हणून शहाणा ट्रेनर वाटेत थांबतो, घोड्याला मान खाली करू देतो आणि शर्यतीच्या काही दिवस आधीच पोचतो.

मग घाम. उन्हाळ्यात आपण सोलापूरकर घामाचे तज्ज्ञच, पण घोड्याचा घाम आपल्याहून वेगळा. त्यात मिठाचं प्रमाण त्याच्या रक्ताहूनही जास्त असतं. उकाड्यात कष्ट पडले तर तासाला दहा लिटरपर्यंत घाम जातो आणि त्याबरोबर क्षारही. शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेला पॅडॉक म्हणतात. तिथं मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस आलेला घोडा दिसला तर तो बिथरलेला असण्याची शक्यता मोठी. शर्यत सुरू होण्याआधीच त्यानं ताकद खर्ची घातली.

पावसाळ्यात जमीन हा मोठा प्रश्न. ट्रॅक किती मऊ आहे ते पेनेट्रोमीटर नावाची टोकदार सळई जमिनीत किती रुतते त्यावरून मोजतात. काही घोडे चिखलात खुशीनं पळतात, काहींना खूर रुतलेला सहन होत नाही. शेवटी जॉकीची वाट. अर्धवर्तुळाच्या वळणावर कडेच्या रेलिंगपासून एक मीटर बाहेरून गेलं तर तीन मीटरहून जास्त अंतर वाढतं. तीन घोडे सोडून बाहेरून जावं लागलं तर नऊ-दहा मीटर, म्हणजे चार लेंग्थ नुसत्या वळणावर गेल्या. आतून जावं तर पुढं घोड्यांची भिंत. तिथं जॉकीला लगाम ओढावाच लागतो, नाही तर पुढच्याच्या मागच्या खुरांवर घोडा जाऊन दोघंही कोसळतील. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो फक्त ओढलेला लगाम.

म्हणजे लबाडी होतच नाही?

होते. पैसा आहे तिथं ती होणारच, आणि ती पकडण्यासाठीच स्ट्युअर्ड असतात. शर्यतीचे पंच म्हणा. वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेलं चित्रीकरण ते बघतात, फेवरिट फारच मागं राहिला तर ट्रेनर आणि जॉकीला बोलावून खुलासा मागतात, घोडा डॉक्टरकडं पाठवतात, उत्तेजक द्रव्यांसाठी नमुने घेतात. जॉकीनं घोड्याला पुरेसं पळवलं नाही असं ठरलं तर शिक्षा होते.

पण माझं म्हणणं असं की लबाडी हे पहिलं कारण धरू नये, उरलेली कारणं संपल्यावर धरावं. शिवाय खुलाशाची जात बघावी. "डाव्या पायाची कंडरा सुजली आहे" हे कुणीही हात लावून तपासू शकतं. "आज त्याचं मन नव्हतं" हे घोड्यालाच विचारावं लागेल. पहिल्या जातीचा खुलासा ऐकून घ्यावा, दुसऱ्या जातीचा एकाच ट्रेनरकडून वरचेवर येत असेल तर मात्र अण्णांच्या शंकेत दम आहे.

आधी तपासता आलं नसतं का?

घोडा पळण्याआधी डॉक्टर त्याला बघतात ते मुख्यतः उभा असताना नाही तर दुडकी चालीत. घसा चपटा होणं, ताल बिघडणं, फुप्फुसातलं रक्त हे सगळं पूर्ण वेगालाच घडतं. हल्ली पळणाऱ्या घोड्याच्या नाकात दुर्बीण बसवून चित्रण करता येतं, हृदयाचा आलेखही धावताना काढता येतो. पण ते खर्चिक, आणि सरावाच्या धावेत घोडा शर्यतीइतका कधीच पिळला जात नाही. एवढं करूनही काही कोडी सुटत नाहीत. २००८ मध्ये बिग ब्राउन हा घोडा केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या मोठ्या शर्यती जिंकून तिसऱ्या, बेलमाँटच्या शर्यतीला आला. सगळ्या अमेरिकेचा लाडका. जॉकीला तो वाटेतच आवरता घ्यावा लागला आणि घोडा शेवटचा आला. डॉक्टरांना ठोस काही सापडलं नाही. मागच्या पायाचा नाल ढिला झालेला एका छायाचित्रात दिसला, पण तेच कारण होतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही.

पुढच्या वेळी त्याला माफ करायचं का?

ते कारणावर ठरतं, आणि घोड्याचे जुने निकाल वाचणाऱ्यांची इथंच गल्लत होते. ओठाचं गळू, हृदयाचा एकदाच चुकलेला ताल, वळणावर कोंडलेली वाट, न मानवलेला चिखल: या कारणांनी हरलेला घोडा पुढच्या शर्यतीत त्याच ताकदीनं उभा राहू शकतो, आणि लोकांचा भरवसा उडालेला असल्यानं त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला भावही चढा मिळतो. कंडरेचं तसं नाही. ती सांधायला महिने लागतात, वर्षभरही जातं आणि सांधली तरी पहिल्यासारखी होत नाही. स्वरयंत्र लुळं पडलेला घोडा विश्रांतीनं सुधारत नाही. फुप्फुसातून एकदा बरंच रक्त गेलं तर ते पुन्हा जाण्याचा धोका राहतो. निकालाच्या रकान्यात या सगळ्यांपुढं सारखाच 'सातवा' लिहिलेला असतो, म्हणून आकड्याआधी स्ट्युअर्डांचा अहवाल वाचावा. त्यात पुष्कळदा एवढंच असतं की घोडा तपासला, काही आढळलं नाही. ते वाक्य वाचून हात चोळू नका. तपासणी किती वाजता झाली आणि घोडा उभा होता की पळवून बघितला, हे आधी विचारा.